हे तीनचं पोट नव्हे

सकाळी साडेसातला चहा समोर आला की मी बायकोला विचारायचो, "किती?" ती शून्य ते दहामधला एक आकडा सांगायची. शून्य म्हणजे पोट अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सरळ उभं राहवत नाही. तो आकडा मी चौकटीच्या वहीत लिहायचो. त्याच्या शेजारी आणखी चार रकाने होते. काल काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, झोप किती तास लागली आणि किती वेळा जावं लागलं. आमच्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून उत्तर हिंदीतच येतं. ती या प्रकाराला 'सुबह का बुलेटिन' म्हणायची.

माझं कामच मापाचं आहे. एकतीस वर्षं मी एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तयार झालेला पुर्जा माझ्या टेबलावर येतो, मी मायक्रोमीटर लावतो, आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडे तिकडे असेल तर तो परत जातो. त्यामुळे घरात काही बिघडलं की मला पहिल्यांदा वही सुचते. दुसरं काही सुचायला वेळ लागतो.

बायकोचं पोट सहा वर्षांपूर्वी बिघडलं. तीन तीन दिवस पोट साफ व्हायचं नाही, मग एखाद्या सकाळी पाच वेळा धावपळ. जेवलं की पोट फुगायचं, आणि डाव्या बाजूला खाली कोणी ओला कपडा पिळावा तसं दुखायचं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, शेवटी दुर्बीण घालून आतडं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, कुछ नहीं निकला, अच्छी बात है. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "काही निघालं असतं तर काढून तरी टाकलं असतं."

रोगाचं नाव आय.बी.एस. डॉक्टरांनी समजावलं ते मला असं कळलं की आतडं दिसायला ठणठणीत असतं, फक्त वागायला हट्टी असतं. जीवाला धोका नाही, पण मुळापासून जाईलच असंही नाही. गोळ्या दिल्या, खाण्याची यादी दिली. दोन्हींनी थोडा फरक पडला. फरक पडला नाही तो भीतीत. घराबाहेर पडायचं म्हणजे वाटेत बाथरूम कुठे आहे हे आधी माहीत पाहिजे. आम्ही दीक्षितपुऱ्यात राहतो. तिथून तिला निर्धास्तपणे जाता येईल अशा जागा मी एकदा मनातल्या मनात मोजल्या, त्या सगळ्या पाच किलोमीटरच्या आत होत्या. पाहुणे आले की भेडाघाटचा धबधबा मी दाखवून आणायचो. ती घरी स्वयंपाक करून वाट पाहायची आणि आम्ही आलो की विचारायची, "पाणी किती होतं हो धुवाँधारला?"

तिचं माहेर नागपूर. गाडीनं पाच तास. चार वर्षांपूर्वी भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही निघालो होतो. आदल्या दिवसापासून तिनं फक्त ताक घेतलं होतं. लखनादौन येईपर्यंत ती दोनदा उतरली. तिसऱ्यांदा गाडीत येऊन बसली, साडीचा पदर मांडीवर नीट केला आणि म्हणाली, "गाडी वळवा." मी वळवली. तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. तिच्या आईचे गुडघे गेलेले, ती इकडे येऊ शकत नाही. मायलेकींनी चार वर्षं एकमेकींना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, आणि सासूबाई फोन कपाळाजवळ धरतात, त्यामुळे बायकोला बहुतेक वेळा आईचं कुंकूच दिसायचं.

गेल्या वर्षी होळीनंतर सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. मेहुण्याचा फोन आला. वैशाखात सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला हजार दिव्यांनी ओवाळतात, तो हा सोहळा. पहिलं औक्षण लेकीनं करायचं, अशी सासूबाईंची एकच अट होती. बायको फोनवर "हो, हो, येते ना" म्हणाली. फोन ठेवला आणि गव्हाचं निवडलेलं ताट पुन्हा निवडायला घेतलं.

वैशाख म्हणजे दीड महिना. मला माहीत होतं की दीड महिन्यात हे जमणार नाही. तिलाही माहीत होतं.

मी कागद घेऊन बसलो. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त. ऐंशी वर्षांचे दिवस भागिले तेवढे. उत्तर आलं नऊशे एकोणनव्वद आणि वर थोडं. मी तीनदा भागून पाहिलं आणि मेहुण्याला फोन लावला.

"अकरा कमी पडून राहिल्या," मी म्हणालो.

"काय कमी पडून राहिलं?"

"पौर्णिमा. ऐंशी वर्षांत हजार होत नाहीत. हजारावी माघात येते."

तो हसला. "भाऊजी, लोकं अंदाजानं करतात हो. चंद्र काही मोजायला येऊन नाही राहिला."

"सोहळ्याचं नावच हजाराचं आहे ना, मग हजार तरी भरू द्या," मी म्हणालो. खरं कारण मी बोललो नाही. पण पलीकडे फोन स्पीकरवर असावा, कारण सासूबाईंचा आवाज आला. "जावईबापूंचा हिशोब बरोबर आहे. माघात करा. मी थांबते."

त्यांना हिशोब कळला होता की त्यामागचं कळलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. बायकोनं गव्हाचं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात केलेल्या हिशोबांपैकी तिला आवडलेला तो पहिला असावा.

मग दहा महिने हाती होते.

विजय नगरमध्ये एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. मूळच्या अमरावतीकडच्या, वय चाळिशीचं. सगळे रुग्ण त्यांना दीदी म्हणतात, म्हणून मीही दीदीच म्हणतो. त्या पोटावर हातानं उपचार करतात असं बायकोच्या भिशीतल्या एका बाईनं सांगितलं. मला विश्वास नव्हता. मी डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, करायला हरकत नाही, गोळ्या मात्र चालू ठेवा.

दीदींनीही तेच सांगितलं. सगळे रिपोर्ट वाचले, वजन घटलं का, रक्त पडतं का, ताप येतो का, हे विचारलं. "मी डॉक्टरचं काम करत नाही. रोग काढून टाकीन असंही म्हणत नाही. पोट आणि तुम्ही भांडून राहिले, ते भांडण जरा कमी करू." मग अशा गोष्टी विचारल्या की ज्यांना माझ्या वहीत रकाना नव्हता. जेवता कोणासोबत? बसून की उभ्यानं? हसू आलं की पोट सोडता की तेव्हाही आत ओढून धरता?

"पोळ्या करता करता खाऊन घेते," बायको म्हणाली.

"ओट्यापाशी?"

"मग कुठे? गरम पोळी यांना पानात लागते."

दीदींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी तळहात एकमेकांवर चोळून गरम केले, एक हात बेंबीखाली ठेवला, एक कमरेखाली सरकवला, आणि काही केलं नाही. चार मिनिटं. मी घड्याळात पाहिलं. मला वाटलं, हात ठेवायला इतक्या दूर आलो का? मग त्यांनी कोमट तिळाचं तेल लावून हात फिरवायला सुरुवात केली. उजवीकडून खालून वर फासळ्यांपर्यंत, तिथून आडवा, मग डावीकडून खाली. मोठं आतडं त्याच वाटेनं जातं, म्हणाल्या. मुलीच्या वेळच्या ऑपरेशनचा जुना व्रण होता, तिथे बराच वेळ थांबल्या. फासळ्यांच्या खाली बोटं ठेवून तिला श्वास घ्यायला लावला. मध्येच पोटातून मोठ्यानं गुडगुड आवाज आला. बायको शरमली.

"बोलू द्या त्याला," दीदी म्हणाल्या. "किती दिवसांनी कोणी विचारून राहिलं."

चाळीस मिनिटांनी पाहिलं तर बायको झोपली होती. पडद्याबाहेर दुसरी रुग्ण खोकत होती, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि ती तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती.

आठवड्यातून एकदा आम्ही स्कूटरवर जाऊ लागलो. ती ओट्यापाशी खायचं सोडून माझ्यासोबत पाटावर बसू लागली. पोळ्या मग थंड व्हायच्या. दोघंही थंड पोळ्या खायचो. पावसाळाभर वहीत आकडे हळूहळू उतरले. सुरुवातीची महिन्याची सरासरी सहाच्या वर होती, ती श्रावणात पाचावर आली, नवरात्रानंतर चारावर, दिवाळीच्या सुमारास तीनावर. मी आलेखाचा कागद आणून त्यावर ठिपके जोडले. रेष उजवीकडे सुरेख उतरत होती. तो कागद मी दीदींना दाखवला. त्या खुश झाल्या, आणि आठवड्याचं अंतर पंधरा दिवसांवर नेलं, मग महिन्यावर. मेहुण्याला मी सांगून टाकलं, येतो आम्ही.

महिन्यानंतरची पहिली भेट होती. थंडी सुरू झाली होती, खोलीत हीटर लावला होता. दीदींनी हात ठेवले. नेहमीपेक्षा जास्त वेळ तसेच ठेवले. मग विचारलं, "ताई, आज घरी किती सांगितलं?"

"तीन."

दीदी हात न हलवता म्हणाल्या, "हे तीनचं पोट नव्हे."

बायकोनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी खुर्चीवर आलेख मांडीवर घेऊन बसलो होतो. दीदींनी पुढं काही विचारलं नाही. चाळीस मिनिटं त्यांनी काम केलं, आणि जाताना एवढंच म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात या.

परतताना दमोह नाक्यावर गाड्या अडकल्या होत्या. मी स्कूटर बंद केली. ती मागे बसली होती, एक हात माझ्या कमरेला. चेहरा दिसत नव्हता, आणि बहुधा म्हणूनच बोलली.

"नवरात्रापासून खोटं सांगून राहिली मी."

मी विचारलं, "घट बसले त्या दिवसापासून की आधी?"

"पाहा," ती म्हणाली. "आताही तारीख विचारून राहिले."

पुढचा ऑटो हलला, आम्ही हललो नाही. मागून कोणी तरी हॉर्न दिला.

"पहिले महिने खरे होते," ती म्हणाली. "पाचापर्यंत खरं उतरलं. मग तिथेच थांबलं. कधी सहा, कधी सात. एक दिवस मी सात सांगितलं तर तुम्ही चहा अर्धा ठेवून उठून गेले. दुसऱ्या दिवशी सहा सांगितलं, तेव्हाही अर्धा. मग चार सांगून पाहिलं. तुम्ही पूर्ण प्यायले."

"चहाचं काय एवढं?"

"तीन म्हटलं की तुम्ही चहा पिता, बशी पुसता, आणि कारखान्यात जाताना जिन्यात गुणगुणता. मला सकाळी सकाळी तेवढं तरी बरं वाटू द्या ना."

मागच्या माणसानं ओरडून विचारलं, "चलोगे कि यहीं घर बनाओगे, भैया?" मी स्कूटर सुरू केली.

कारखान्यात आमचा नियम आहे. मापक खोटा निघाला तर त्यानं मोजलेला सगळा माल परत काढायचा. मी घरी येऊन वही उघडली. नवरात्रापासूनचे आकडे त्याच निळ्या शाईत, त्याच सरळ ओळीत होते. त्यातले कोणते खरे, कोणते माझ्यासाठी, हे ओळखायला काही मार्ग नव्हता. मला राग आला, हे लपवत नाही. त्या खोट्या तीनांमुळे उपचाराचं अंतर वाढलं होतं, आणि त्या वाढलेल्या अंतरात ती एकटी दुखत राहिली होती. माघ अडीच महिन्यांवर होता.

मग मला दुसरा नियम आठवला, जो आम्ही नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतो. मायक्रोमीटर उघड्या हातात जास्त वेळ धरायचा नाही. हाताच्या उबेनं लोखंड किंचित फुगतं आणि माप चुकतं. मापक चांगला असतो, धरणारा त्याला बिघडवतो. मी रोज साडेसातला तिच्यासमोर बसायचो, पेन हातात धरून, आणि तिच्या तोंडाकडे असा पाहायचो जणू निकाल लागणार आहे. तिनं बिचारीनं काय सांगावं? पाच रकाने आखले होते मी. माझ्या अर्ध्या कपाला त्यात जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी "किती?" विचारलं नाही. वही कपाटात होती. चहा पिऊन झाला तरी ती समोर बसून होती.

"विचारा ना," ती म्हणाली.

"नाही विचारत."

"मग मला करमत नाही. सवय लावून ठेवली तुम्ही."

पुढच्या भेटीत दीदींनी मला खुर्चीवरून उठवून जवळ बोलावलं. "भाऊ, रोज मी येऊ शकत नाही. तुम्ही शिका." मी म्हणालो की माझे हात खरबरीत आहेत, तेल आणि लोखंडाचे. त्या म्हणाल्या, "गरम आहेत ना, बस."

मी तळहात चोळले आणि त्यांनी दाखवलं तिथे ठेवले. तीस वर्षांच्या संसारात मी बायकोच्या पोटावर असा हात ठेवला नव्हता. मुलगी पोटात असताना ठेवला होता, पण तो मुलीसाठी. आता हाताखाली काय लागतंय हे मी पाहू लागलो. डावीकडे खाली एक जागा दोरीसारखी घट्ट होती. मी ती बोटांनी चाचपली, लांबी साधारण तीन इंच असावी.

"भाऊ, तुम्ही मोजून राहिले," दीदी म्हणाल्या.

"नाही."

"बोटं सांगून राहिली ना. नुसता हात ठेवा. तिचा श्वास आला की हात वर येऊ द्या, गेला की खाली. तुम्हाला काही करायचं नाही."

काही करायचं नाही हे मला सगळ्यात अवघड गेलं. आयुष्यभर हाताची ऊब कामात येऊ नये म्हणून जपलो होतो, आणि इथं त्यांना तेवढीच हवी होती.

तेव्हापासून सकाळी सव्वासातला, चहाच्या आधी, मी तिळाचं तेल कोमट करून पंधरा मिनिटं तिच्या पोटावर हात फिरवू लागलो. पहिले काही दिवस फेऱ्या मोजायचो. ती डोळे मिटून पडलेली असायची.

"मोजताय."

"नाही."

"ओठ हलून राहिले तुमचे."

"तुझे डोळे मिटलेले आहेत, तुला काय दिसतं?"

"चोवीस फेऱ्या झाल्या की तुम्ही हळूच दम टाकता."

मुलगी दारातून जाताना म्हणाली, "बुलेटिन बंद, अब मालिश केंद्र?" पण एका रविवारी मी सर्दीनं पडलो होतो, तर तीच तेलाची वाटी घेऊन आईच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

पोट बरं झालं असं मी लिहिणार नाही. काही सकाळी हाताखाली ते सैल आणि मऊ असायचं, काही सकाळी दगडासारखं. दगडासारखं असेल तेव्हा मला ते कळायचं, आणि मला कळलंय हे तिला कळायचं, त्यामुळे खोटं सांगायची सोय उरली नव्हती. हळूहळू ती आपणच सांगू लागली. "आज सात आहे, हं." मी म्हणायचो, "बरं." आणि समोरचा चहा पूर्ण प्यायचो. आधी तो मुद्दाम प्यावा लागायचा.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी सकाळी एकटाच गाडी घेऊन निघालो. तिनं विचारलं, कुठे? म्हणालो, रस्ता पाहून येतो. "रस्ता तोच आहे ना, पळून गेला का?" बरगीपासून खवासाच्या सीमेपर्यंत मी प्रत्येक पेट्रोल पंप, ढाबा आणि हॉटेलपाशी थांबलो. संडास आत जाऊन पाहिले. कडी लागते का, पाणी आहे का, किल्ली कोणाकडे असते. धूमा गावाच्या अलीकडे एका ढाब्याच्या मालकानं मला सरकारी तपासनीस समजून चहा पाजला आणि लगेच फिनाईल टाकायला लावलं. मी गैरसमज दूर केला, तर तो म्हणाला, "भाभीजी के लिए? तो चाबी मेरे पास रहेगी, आप सीधे मुझसे लेना." जाण्यायोग्य अशा अकरा जागा निघाल्या. यादी मी किलोमीटरसकट लिहून तिला दिली. तिनं ती वाचली, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये, देवाचा फोटो असतो त्या कप्प्यात ठेवली.

माघी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी आम्ही निघालो. मुलगी मागे बसली होती. बायकोनं या खेपेस उपास केला नाही, दीदींनी सांगितल्याप्रमाणे मऊ भात आणि मुगाचं वरण खाऊन निघाली. धूमाच्या ढाब्यावर किल्ली खरंच गल्ल्यात ठेवलेली होती. लखनादौन आलं तेव्हा ती म्हणाली, "गाडी थांबवा." मी थांबवली. ती उतरली नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून तिनं डोळे मिटले. मी घड्याळ पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "चला."

"कुठे?" मी विचारलं. विचारणं भाग होतं.

"आईकडे, आणखी कुठे?"

पाच तासांच्या रस्त्याला आठ लागले. अकरापैकी चार जागा कामी आल्या.

सोहळ्याच्या सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. अनोळखी पाणी, पाहुण्यांची गर्दी, रात्रीची अर्धवट झोप. आम्ही मागच्या खोलीत होतो. "सहा," ती म्हणाली. "खरं सहा." मी तेल आणलं होतं. हात ठेवला तोच दार ढकलून सासूबाई काठी टेकत आत आल्या. मी हात झटकन मागे घेतला आणि उभा राहिलो. जावयानं सासूसमोर असं काही करताना दिसणं आमच्या घरात बसत नाही.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. लेकीच्या पोटाकडे पाहिलं, तेलाच्या वाटीकडे पाहिलं. "हिला लहानपणी पोट दुखलं की मी बेंबीवर हिंग लावायची," त्या म्हणाल्या. "मग रडता रडता झोपायची ही. राहू द्या जावईबापू, उठू नका. हात थंड होईल."

मी पुन्हा बसलो. पंधरा मिनिटं आम्ही तिघं त्या खोलीत होतो. बाहेर मेहुणा कोणाला तरी दिवे मांडण्यावरून रागावत होता. मेहुण्याच्या बायकोनं मला चहा आणून दिला. बायको पडल्या पडल्या माझ्या कपाकडे पाहत होती. मी तो संपवला आणि कप उलटा करून तिला दाखवला. ती हसली, आणि हसताना तिनं पोट आत ओढलं नाही.

दिवे हजार होते, मी मोजले. सासूबाईंनी दिवाळीपासून शंभर शंभरच्या जुड्या बांधून वाती स्वतः वळल्या होत्या, त्यामुळे चूक नव्हती. संध्याकाळी त्या चौरंगावर बसल्या. गुरुजींनी लेकीला पुढे बोलावलं. बायकोनं ताट उचललं, आईच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि तिथेच तिचा चेहरा पांढरा पडला. ताट तिनं खाली ठेवलं आणि आत गेली. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. गुरुजी मेहुण्याला म्हणाले, मुहूर्त आहे, सुनेनं सुरुवात केली तरी चालेल.

"चालणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "दहा महिने थांबले मी. पाच मिनिटं थांबता येत नाही का कोणाला?"

मुलीनं वाऱ्यानं विझलेले चार दिवे पुन्हा लावले.

बायको आली तेव्हा तिचे हात ओले होते, पदराला पुसत होती. सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोट दुखून राहिलं?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहून म्हणाली, "हो. दुखून राहिलं."

"मग बसून ओवाळ," त्या म्हणाल्या, आणि चौरंगावर सरकून तिला जागा केली.